स्टीमपंकमधला ‘पंक’ : कोळसा कोण झोकतो?

प्रश्न असा आहे : स्टीमपंक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या यंत्रांभोवती रचलेल्या अद्भुत विज्ञानकथांचा प्रकार, म्हटलं की पितळी गॉगल, दातेरी चाकं, उंच टोप्या आणि वाफेवर उडणारी जहाजं डोळ्यांपुढे येतात. यात बंडखोरी नेमकी कुठे? ‘पंक’ हा शब्द नुसताच चिकटवलाय का? आणि या प्रकारात कथा लिहायची तर ते बंड कथेत उतरवायचं कसं?

आधी शब्दाकडे पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकात के. डब्ल्यू. जीटर या लेखकाचं पत्र छापून आलं. तो स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे मित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनवर अद्भुत कथा लिहीत होते. त्या कथांना एखादं सामायिक नाव हवं, तर ‘स्टीमपंक’ कसं वाटतं, असं त्याने सुचवलं. तेव्हा ‘सायबरपंक’ (संगणकांनी व्यापलेल्या भविष्याच्या कथा) हा शब्द गाजत होता आणि त्याच चालीवर गमतीत हा शब्द जुळवलेला होता. तो शब्द घडताना त्यामागे कुठलीही राजकीय भूमिका नव्हती, हे खरं आहे. त्यामुळे ‘पंक आहे म्हणजे बंडखोर असलंच पाहिजे’ हा युक्तिवाद टिकत नाही.

पण शब्द गमतीत आला तरी कथांचा कच्चा माल गमतीचा नव्हता. या तिघांच्या लंडनमागे एक पुस्तक आहे आणि ते जीटरने बाकीच्या दोघांच्या हाती दिलं. हेन्री मेह्यू हा पत्रकार १८४९-५० मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेत हिंडला. पुढे त्यातून त्याचा लंडनच्या श्रमिकांवरचा चार खंडांचा ग्रंथ उभा राहिला. मेह्यूने माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि प्रत्येकाची कमाई पेनीपर्यंत लिहून घेतली. थेम्सच्या चिखलात उतरून बोटींमधून पडलेला कोळसा आणि तांब्याचे खिळे वेचणारी पोरं त्यात आहेत. गटारांत शिरून नाणी आणि धातू शोधणारे आहेत. रस्त्यावरची कुत्र्यांची विष्ठा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. ही विष्ठा कातडी कमावणारे कारखाने विकत घेत, कारण पुस्तकबांधणीचं आणि हातमोज्यांचं मऊ कातडं त्याशिवाय तयार होत नसे. एका बादलीला ८ ते १० पेन्स मिळत. स्टीमपंकच्या पोशाखातला तो तुकतुकीत चामडी हातमोजा आठवा. त्याचं दुसरं टोक या बादलीत आहे.

जीटरची १९७९ ची कादंबरीही एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या कालयंत्रावरून पुढे गेलेली आहे. वेल्सच्या गोष्टीत जमिनीखाली राबणारे मॉरलॉक हे कामगारवर्गाचेच दूरचे वंशज आहेत. जीटरने त्यांना लंडनच्या पोटात आणून सोडलं. म्हणजे या प्रकाराच्या पायाशी पहिल्यापासून जमिनीखालचा माणूस आहे, मग शब्द कसाही आलेला असो.

आता मूळ बंडाकडे येऊ. इथे बहुतेक लेखक घसरतात, म्हणून थोडं थांबतो.

‘लडाइट’ म्हणजे यंत्राला घाबरणारा अडाणी माणूस, हा अर्थ आज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात मोजे विणायचे माग फोडले गेले. हे माग काही नवे नव्हते. त्या जातीचं यंत्र इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक वर्षं वापरात होतं आणि फोडणारे लोक आयुष्यभर त्याच मागावर बसलेले कसबी विणकर होते. त्यांची तक्रार तीन गोष्टींबद्दल होती. एक, रुंद मागावर कापडाचा एक मोठा पट्टा विणायचा, तो कापायचा, शिवायचा आणि मोजे म्हणून विकायचा. हा माल चटकन उसवे आणि साऱ्या धंद्याचं नाव जाई. दोन, उमेदवारीची वर्षं न भरलेल्या लोकांना कमी मजुरीवर बसवणं. तीन, मागभाडं. माग मालकाचा असे आणि विणकराने त्याचं भाडं भरायचं, काम मिळालं नाही त्या आठवड्यातही. म्हणूनच लडाइट निवडून माग फोडत. एकाच कार्यशाळेत योग्य दर देणाऱ्याचा माग शाबूत ठेवायचे आणि दर पाडणाऱ्याचा फोडायचे. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने याला दंगलीच्या मार्गाने केलेली वाटाघाट म्हटलं आहे. ज्यांना संघटना काढायलाच कायद्याने बंदी होती, त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय?

यॉर्कशायरमध्ये हीच चळवळ लोकरीच्या कापडाला सफाई देणाऱ्या कारागिरांनी उचलली. त्यांची जागा घेणारी कातरयंत्रं मार्सडेन गावच्या इनॉक टेलर या लोहाराच्या कारखान्यात बनत आणि ती फोडायला वापरलेले मोठे घणही त्याच्याकडचेच. म्हणून घणाचंही नाव इनॉक. इनॉकने घडवलं, इनॉकच फोडेल, अशी त्यांची म्हण होती. स्टॉकपोर्टला एप्रिल १८१२ मध्ये दोन पुरुष बायकी कपडे घालून, स्वतःला जनरल लडच्या बायका म्हणवत जमावाच्या पुढे चालले. खुद्द जनरल लड कुणी नव्हताच. ते धमकीपत्रांखाली सही करायचं एक सामायिक नाव होतं. वेषांतर, टोपणनाव, स्वतःचं हत्यार स्वतः घडवणं : १९७६ च्या लंडनमधल्या पंक या बंडखोर संगीत-चळवळीशी नातं जोडायचं असेल तर ते इथे जोडा, केसांच्या रंगाशी नको.

सरकारचं उत्तर ठाऊक असायला हवं. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी लॉर्ड बायरनने उमरावांच्या सभागृहात आपलं पहिलं भाषण विणकरांच्या बाजूने केलं. त्याच वर्षी माग फोडण्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा झाला. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फासावर चढवलं.

याच बायरनची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावरच्या तिच्या १८४३ च्या टिपणांमुळे ती आज ओळखली जाते आणि स्टीमपंकची लाडकी नायिका आहे. पण बॅबेजच्या यंत्राची मुळं कुठे आहेत ते पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गास्पार द प्रोनी याने गणिताच्या प्रचंड सारण्या तयार करून घेतल्या, त्या श्रमविभागणीने. वर मोजके गणिती, मध्ये काही जाणकार आणि तळाला फक्त बेरीज-वजाबाकी करणारे लोक. या तळात कितीतरी जण बेकार झालेले केशरचनाकार होते, कारण त्यांची उमराव गिऱ्हाइकं क्रांतीत संपली होती. बॅबेजने १८३२ च्या आपल्या कारखान्यांवरच्या ग्रंथात हे उदाहरण मुद्दाम दिलं. तळातल्या त्या माणसांच्या जागी चाकं बसवायची, ही त्याची कल्पना. पुढच्या, अधिक मोठ्या यंत्रासाठी त्याने छिद्रं पाडलेली कार्डं घेतली ती जाकार्डच्या रेशीममागावरून, जिथे अशी कार्डं कापडावरची नक्षी ठरवत. आणि फ्रान्समधल्या ज्या लिऑन शहरात तो माग रुजला, तिथल्या रेशीम विणकरांनी १८३१ आणि १८३४ मध्ये सशस्त्र उठाव केले. काम करत जगू, नाहीतर लढत मरू, असं त्यांच्या झेंड्यावर होतं. १८३१ च्या उठावाचं कारण पुन्हा माग नव्हता. कबूल केलेला किमान दर द्यायला व्यापाऱ्यांनी नकार दिला होता. एडा आणि बॅबेजला कथेत आणणारे शेकड्यांनी आहेत. केशरचनाकार आणि लिऑनचा विणकर आणणारा मात्र विरळा, आणि तिथे कथेला खूप जागा आहे.

आता थेट बॉयलरकडे. ब्रिटनमधला वाफेशी सगळ्यात जवळचा उठाव १८४२ चा. मजुरी कापली गेली, स्टॅफर्डशायरच्या खाणींत संप सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये तो लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरण्यांत पसरला. संपकऱ्यांचे जथे गिरणी ते गिरणी चालत जात आणि बॉयलरच्या तळाची गुडदी, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढून टाकत. उकळतं पाणी बाहेर, भट्टी विझलेली, इंजिन बंद आणि शेकडो माग एका क्षणी स्तब्ध. या उठावाचं नावच बुचांवरून पडलं. यातली अक्कल लक्षात घ्या. बॉयलर फुटत नाही, माणूस मरत नाही. बूच परत बसवून, पाणी भरून, भट्टी पेटवली की गिरणी पुन्हा चालते. त्यामुळे वाटाघाटीला जागा उरते. मजुरी पूर्ववत करा या मागणीला मतदानाच्या हक्काची चार्टिस्ट मागणी जोडली गेली. प्रेस्टनमध्ये सैन्याने गोळीबार केला आणि चार जण मेले. त्याच वर्षी बॅबेजच्या पहिल्या यंत्रावर सुमारे १७,००० पौंड ओतून सरकारने हात झटकले. एका कादंबरीला पुरेल एवढा मालमसाला या एका वर्षात आहे.

साहित्यात हे बंड नीट उतरलं ते जीटरच्या पत्राच्या आधीच. मायकल मूरकॉक या इंग्रज लेखकाने १९७१ मध्ये एक कादंबरी लिहिली. १९०२ साली हिंदुस्थानच्या सरहद्दीवरचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी १९७३ मध्ये जाऊन पडतो. तिथे महायुद्धं झालेलीच नाहीत, साम्राज्यं टिकून आहेत, आकाशात भव्य हवाईजहाजं आहेत. आधी तो हरखतो. मग त्या शांततेची किंमत कोण मोजतंय ते कळतं आणि तो क्रांतिकारकांना मिळतो. आधी वाचकाला देखाव्यात गुंगवायचं आणि नंतर त्या देखाव्याचं बिल समोर ठेवायचं, ही रचना आजही सर्वांत उपयोगी आहे. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या १९९० च्या कादंबरीत बॅबेजचं यंत्र यशस्वी झालंय, बायरन पंतप्रधान आहे आणि लडाइट चिरडले गेलेत. विणकरांची बाजू घेणाऱ्या कवीला त्यांनी यंत्रांच्या राजवटीच्या माथ्यावर बसवलं. ज्याला १८१२ चं भाषण ठाऊक आहे त्यालाच ही जागा नीट कळते.

पण या मुळाचा एक जुना धागा आपल्याकडे येतो. जूल्स व्हर्नचा कॅप्टन नेमो. १८७० च्या कादंबरीत तो कोण हे गुलदस्त्यात आहे. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता आणि १८६३ च्या उठावात रशियनांनी त्याचं कुटुंब मारलेलं. प्रकाशक एत्झेलने हरकत घेतली, कारण रशियात पुस्तकं खपत. म्हणून व्हर्नने देश गाळला. तरी खुणा ठेवल्या. नेमोच्या खोलीत पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोश्चुश्को, वॉशिंग्टन, लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढून फासावर गेलेला जॉन ब्राउन यांची चित्रं आहेत, आणि क्रीटच्या बंडखोरांना तो सोनं पोचवतो. १८७४-७५ च्या पुढच्या कादंबरीत उलगडा झाला : नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. (त्याची पाणबुडी नॉटिलस विजेवर चालते, वाफेवर नाही. ‘स्टीमपंकची पहिली पाणबुडी’ असं लिहिताना हे विसरू नका.)

आणि लगेच १८८० मध्ये याच व्हर्नने उलटी बाजू मांडली. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांवरची घरं ओढत हिंदुस्थानभर फिरतो. आत आरामात बसलेले युरोपीय, त्यांतला एक इंग्रज कर्नल ज्याच्या शोधात आहे तो म्हणजे नानासाहेब पेशवे. गोष्टीची सुरुवात औरंगाबादेत होते : ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी, धोंडूपंत नानासाहेबाला जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास २,००० पौंडांचं इनाम, अशी जाहिरात लोक वाचतायत. पुढे वेरूळची लेणीही येतात. इथे नानासाहेब खलनायक आहे आणि यंत्र सरळसरळ सत्तेचं वाहन आहे. पाच वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने एकाच १८५७ मधून यंत्र बंडखोराच्या हाती दिलं आणि मग त्याच्या विरोधातही उभं केलं. स्टीमपंकचे दोन्ही रस्ते इथून फुटतात. अमेरिकेतल्या स्वस्त पुस्तकांतला १८६८ चा ‘वाफेचा माणूस’ दुसऱ्या रस्त्याचा आहे. तिथे हुशार पोरगा यंत्र घेऊन गवताळ प्रदेशात मूळ रहिवाशांवर धाक बसवायला निघतो. आज जे स्टीमपंक नुसतं देखणं वाटतं त्यातलं बरंचसं नकळत याच रस्त्यावर असतं.

ही टीका आतूनही झाली आहे. २००७ मध्ये मार्गारेट किलजॉय यांनी ‘स्टीमपंक मॅगझिन’ काढलं ते स्टीमपंकमध्ये पंक परत आणायचा म्हणूनच. २०१० मध्ये विज्ञानकथालेखक चार्ल्स स्ट्रॉस यांनी विचारलं की या रम्य एकोणिसाव्या शतकात भूक, बालमजुरी आणि वसाहती गेल्या कुठे. २०१६ मध्ये निसी शॉल यांनी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या काँगोत कादंबरी नेली. तिथे रबर न भरणाऱ्यांचे हात तोडले जात. त्या कथेतले कृत्रिम यांत्रिक हात शोभेचे नाहीत, तुटलेल्या हातांच्या जागी बसवलेले आहेत. माझ्या मते यांत्रिक हात या झिजलेल्या प्रतिमेचा इतका नेमका वापर दुसरीकडे सापडत नाही. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या १९८६ च्या उडत्या किल्ल्याच्या चित्रपटातलं खाणगाव वेल्सवरून घेतलंय. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाच्या काळात ते तिथे गेले होते.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे. बंड कथेत आणायचा सर्वांत खात्रीचा मार्ग भाषणांतून जात नाही, तो हिशेबातून जातो. तुमच्या यंत्राला रोज काय लागतं ते मांडा, माणसं आपोआप दिसायला लागतात.

१८५० च्या सुमाराचं बऱ्यापैकी इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला दोन ते तीन किलो कोळसा खातं. शंभर अश्वशक्तीची गिरणी धरा : तासाला अडीचशे किलो, बारा तासांत तीन टन. एका फावड्यात पाच-सहा किलो धरले तर दिवसाला पाचशे ते सहाशे फावडी, शिवाय राख ओढायची, भट्टी ढवळायची, कोळसा गाडीतून उतरवायचा. एक किलो कोळसा ढोबळमानाने सात किलो पाण्याची वाफ करतो, म्हणजे दिवसाला एकवीस टन पाणी. ते कुठल्या नदीतून येतं? खालच्या वस्तीला मग कसलं पाणी मिळतं? कोळसा खणणारा कोण? १८४२ पर्यंत ब्रिटनच्या खाणींत जमिनीखाली बायका आणि दहा वर्षांखालची पोरं कायदेशीरपणे राबत होती. तुमची कथा त्याआधीची की नंतरची, यावर तुमच्या नायिकेचं बालपण ठरतं.

हवाईजहाजाला हाच हिशेब लावला तर बहुतेक कथा कोसळतात. आँरी जिफारने २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर फुगा नेला, तो खराच. इंजिन तीन अश्वशक्तीचं, फुग्याची लांबी ४४ मीटर, अंतर सुमारे २७ किलोमीटर, वेग ताशी दहाच्या आसपास. ठिणगी वर जाऊ नये म्हणून धुराडं खाली वळवलेलं. वाऱ्याविरुद्ध परत येणं त्याला जमलं नाही. आता तुमचं शंभर अश्वशक्तीचं जहाज दहा तास उडवायचं तर अडीच टन कोळसा आणि वाफ परत थंड करून वापरली नाही तर साडेसतरा टन पाणी हवं. एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो उचलतो. म्हणजे फक्त कोळसा-पाणी उचलायलाच अठरा हजार घनमीटर, त्यात माणूस एकही नाही. शिवाय कोळसा जळत जाईल तसं जहाज हलकं होऊन वर चढतं, म्हणून हायड्रोजन सोडावा लागतो, तोही पेटत्या भट्टीच्या डोक्यावर. यावर तोडगा म्हणून काल्पनिक वायू किंवा काल्पनिक इंधन आणायला हरकत नाही. मात्र ते आणलंत की लगेच ठरवा ते कुठे सापडतं आणि ती जमीन आधी कुणाची होती. गोष्टीचा संघर्ष तिथे तयार मिळतो.

बॉयलर फुटायची कारणं ठाऊक हवीत, कारण कथेत तो ‘अचानक’ फुटला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. पाण्याची पातळी खाली गेली की भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, लाल होतो आणि दाब सोसत नाही. सुरक्षा झडपेच्या दांड्यावर जास्तीचं वजन टांगलं की दाब वाढवून जास्त काम काढता येतं, आणि ही युक्ती मालकाच्या घाईतून येते. आत साका, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर, धरला की उष्णता पाण्यात जात नाही आणि पत्रा करपतो. साका काढायचा तर बॉयलर थंड करून आत माणूस उतरवावा लागतो, म्हणजे काम बंद, म्हणून ते पुढे ढकललं जातं. तिन्ही कारणांत पैसा आहे. १८०३ मध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसं मेली. त्यावर लक्ष ठेवायला नेमलेला पोरगा ईल मासे पकडायला गेला होता. दोष पोराचा असं म्हणणं सोपं होतं. ट्रेव्हिथिकने मात्र नंतर बॉयलरमध्ये शिशाची गुडदी बसवली : पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ भट्टीवर येते आणि इशारा मिळतो. एका पोराच्या जागरूकतेवर चार जीव टांगलेले नसावेत, हे त्याला कळलं होतं. तुमच्या कथेत स्फोट झाल्यावर चौकशी कोण करतं आणि दोष कुणावर येतो, हे लिहा. ब्रिटनमध्ये बॉयलर-स्फोटांच्या चौकशीचा कायदा १८८२ चा आहे.

काही बारीक चुका पुन्हा पुन्हा दिसतात. गोल तबकडीचा दाबमापक १८४९ नंतरचा, बुर्दों या पॅरिसच्या यंत्रकाराचा. १८४० च्या कथेत भिंतभर तबकड्या नकोत, पाऱ्याची नळी ठेवा. यंत्र मुख्यतः बिडाचं आणि घडीव लोखंडाचं असे, रंग दिलेलं. पितळ महाग, ते तोट्या, झडपा आणि बेअरिंगपुरतं, आणि पितळ चकाकतंय म्हणजे कुणीतरी ते रोज घासतंय. ते हात कथेत दिसू द्या. गोल काळ्या काचांचे वेल्डिंगचे गॉगल १९०३ च्या गॅस-टॉर्चनंतरचे.

पोशाख करणाऱ्यांसाठी एवढंच : चाक चिकटवण्याआधी ते कशाला फिरवतं ते ठरवा, नाहीतर काढा. आणि सरदार-संशोधक-वैमानिक हा त्रिकोण सोडून बघा. १८८८ च्या जुलैत लंडनच्या ब्रायंट अँड मे या आगकाड्यांच्या कारखान्यात सुमारे १,४०० मुली आणि बायकांनी संप केला. पिवळ्या फॉस्फरसने तिथे जबड्याचं हाड सडत असे. गळ्यातला रुमाल, शालू नव्हे साधी शाल, हातात काड्यांची चौकट : हा पोशाख कुठल्याही पितळी पंखापेक्षा जास्त बोलतो.

मराठीत लिहायचं तर लंडनची नक्कल करण्याची गरज नाही. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ-लालबागचं आभाळ चिमण्यांनी भरलं. विजेचे दिवे नव्हते तोवर गिरणी सूर्यावर चाले, म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांब आणि कामही लांब. दिवे आले तेव्हा, १९०५ च्या सुमारास, सूर्याची मर्यादाही गेली आणि कामाचे तास चौदा-पंधरावर पोचले. दिव्याने रात्र पळवली, असं आपण सहज म्हणतो. गिरणीत त्याने झोप पळवली. १८८१ च्या कारखाना कायद्याने बंदी घातली ती फक्त सात वर्षांखालच्या मुलांना. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’तून हे सारं लिहिलं आणि सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा घेतली. निवेदनावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाहा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाल्यास भरपाई. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. या मागण्यांची यादीच तुमच्या काल्पनिक शहराचा नकाशा आहे : विसावा नाही, पगार वेळेवर नाही, हात गेला तर घरी जा. शिवकर बापूजी तळपदे यांच्या गिरगाव चौपाटीवरच्या १८९५ च्या विमान-उड्डाणाची गोष्ट अनेकांना खुणावते. ती दंतकथा म्हणून खुशाल वापरा, इतिहास म्हणून नको, कारण समकालीन भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी स्त्री-मासिकात कल्पिलेलं बायकांचं राज्य पाहा. तिथे उडत्या गाड्या आहेत, सूर्याची उष्णता साठवून वापरली जाते आणि पुरुष पडद्यात आहेत. यंत्र कुणाच्या हाती, हा प्रश्न इतक्या सरळपणे त्या काळात फार थोड्यांनी विचारला.

सुरुवात कुठून करायची हेही विचारलं जातं. मोठा बॉयलर थंड असेल तर त्यात घाईने वाफ धरता येत नाही. पत्रे असमान तापले तर सांधे गळायला लागतात. म्हणून रात्री भट्टी पुरती विझवत नाहीत. निखारे ओल्या बारीक कोळशाखाली दाबून ठेवतात आणि फायरमन पहाटे, बाकी कुणी यायच्या कितीतरी आधी येतो. आधी काचनळीत पाणी बघतो, मग राख ओढतो, मग दाबलेले निखारे मोकळे करून पातळ थर पसरतो. अंधार असतो, भोंगा अजून वाजलेला नसतो, आणि ज्या वाफेवर तो वाजणार आहे ती त्याच्या हातात असते. पहिला प्रसंग तिथे लिहा.